चिंचेच्या पाण्यातलं इंजिन

मेकॅनिकची स्वतःची गाडी कधी चालू नसते, हे मला लग्नाच्या पहिल्या काही वर्षांतच कळलं. आमच्या ह्यांचं गॅरेज पळस्प्याला, फाट्यापासून जरा आत. वर पत्रा, खाली ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. दिवसभर लोकांच्या स्कूटर दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी रिक्षात दाटीवाटीने बसून घरी यायचं. आपली स्कूटर कधी होणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, 'करायचीय.' ते 'करायचीय' ऐकत माझे केस पांढरे झाले.

तशी ती स्कूटर चांगली चालायची एके काळी. माझं माहेर गव्हाणचं, मिठागरवाल्यांचं. लग्नानंतर मी तिच्यावर मागे बसूनच सासरी आले, पदर चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरून. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही करंजाला सुकी मासळी आणायला जायचो. येताना बोंबलांची पिशवी ह्यांच्या पायाशी. सिग्नलला उभं राहिलं की बाजूचे लोक नाक दाबायचे आणि हे मुद्दाम त्यांच्याकडे बघून हसायचे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे स्कूटरवर तिसरं कोणी कधी बसलं नाही. मग एका उन्हाळ्यात तिचं इंजिन जाम झालं, ह्यांनी ती ढकलत गॅरेजच्या कोपऱ्यात नेली, आणि ती तिथेच राहिली. तिच्या सीटवर लोकांचे सायलेन्सर आणि टायर येऊन पडले.

पुढे रस्ता रुंद झाला आणि शेड गेली. स्कूटर टेम्पोत घालून आमच्या पनवेलच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये आणून ठेवली. त्याच सुमारास हेही कायमचे घरी बसले. जिना चढताना दम लागायचा तो आधी वयाचा वाटला, मग गॅरेज गेल्याच्या दुःखाचा वाटला, आणि शेवटी डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. मऊ राहिलेली नाहीत. आता पुन्हा मऊ होणार नाहीत.

'कामधंदा काय करत होता?' असं त्यांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं. पेट्रोलमध्ये हात धुतले, रॉकेलमध्ये पार्ट धुतले, टाकीतलं पेट्रोल नळी तोंडात धरून ओढलं, हे सगळं एखाद्या पराक्रमासारखं सांगितलं. मी विचारलं, त्याच्यामुळेच झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण यापुढे धूर नको, वाफ नको, उग्र वास नको. उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, फोडणीचा खाट, तो ठसका लावणारा धूरसुद्धा नको. आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचं, तेव्हा आगीला जपा.

त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद झाली. कुणाला यात काय एवढं वाटेल, पण करून बघा. डाळ शिजवायची, वरून कच्चं तेल आणि कोथिंबीर. कालवणाला वाटण नुसतं उकळायचं. तळलेला मासा तर स्वप्नातसुद्धा नाही. हे ताटाकडे बघून म्हणायचे, 'बाळंतिणीला पन यापेक्षा बरं घालतात.' मी म्हणायची, 'मग व्हा बाळंत.' हसायचे, आणि हसण्याचा खोकला व्हायचा, म्हणून मग मी विनोद करणंही कमी केलं.

मी मूळची तापट बाई. आता त्या तापटपणाला काम मिळालं. खालच्या वडापाववाल्याची कढई मी भांडून खिडकीखालून हलवली. डास मारायला धूर सोडत येणारी गाडी आली की जिन्यातून ओरडत खाली धावायची. दिवाळीत सगळ्या खिडक्यांच्या फटींना ओल्या साड्या लावल्या. होळीच्या दिवशी तर ह्यांना आतल्या खोलीत कोंडूनच ठेवलं. जगात धूर किती प्रकारचा असतो ते मला पाठ झालं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवाळीनंतरच एका सकाळी हे म्हणाले, 'आगो, आपली स्कूटर करायचीय.'

मी लसूण सोलत होते. म्हटलं, 'कोन करनार?'

'तू.'

'मना पाना धरता येत नाय.'

'पाना भाई धरंल. तू पार्ट धू. मी बगतो.' मग नाकातली नळी नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'एकदा ती चालू झालेली ऐकू दे. मंग काय व्हायचं ते होऊ दे.'

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून उभी राहिले. लसूण सोललेला होता, भांडी घासलेली होती. धुवायला काही नव्हतं.

भाई म्हणजे ह्यांचे जुने दोस्त. पनवेलच्या बाजारात त्यांचं स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. ह्यांचं गॅरेज आणि त्यांचं दुकान एकमेकांवर चालायचं. ते लगेच आले, खाली पार्किंगमध्ये बसून त्यांनी इंजिन उघडलं, आणि वर आले ते हातात पेट्रोलचा कॅन घेऊन. मी दारातच आडवी उभी राहिले.

'भाबी, पार्ट धुवायला लागेल ना.'

'भाई, ह्याच्या वासानं हे जातील. आणि मशीनजवळ नेलात तर आपन तिघं बी जाऊ.'

भाईंनी कॅन मागे जिन्यात ठेवला. आतून ह्यांचा आवाज आला, 'रॉकेल आन मंग.' मी दोघांनाही काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. शेवटी भाई म्हणाले, 'या अल्ला, पेट्रोल नाय, रॉकेल नाय, डिझेल नाय. मग इंजिन काय नमाजाआधी करतात तसं पान्यानं वजू करून साफ होनार?'

मला एकदम आठवलं. मी म्हटलं, गव्हाणला लग्नातल्या हळदीच्या जेवणाचे टोप कोण घासायचं? सगळ्या गावाचं मटण शिजलेले, बाहेरून काजळीने आणि आतून चरबीने माखलेले टोप आम्ही पोरी घासायचो. कुठलं पेट्रोल होतं तेव्हा? चिंच होती, रिठा होता, राख होती, नारळाची शेंडी होती. त्यानेच मी हे धुणार.

'इंजिन म्हंजे टोप नाय,' आतून आवाज आला.

'चरबी ती चरबीच,' मी म्हटलं.

असं ते काम सुरू झालं. भाई एक एक भाग घमेल्यात घालून वर आणून ठेवायचे आणि दुकान उघडायला जायचे. गॅलरीत मी बसायची, आणि दार उघडं ठेवून आतल्या पलंगावरून हे बघायचे. पहिल्यांदा घमेल्यात हात घातला तेव्हा किळस आली. वर्षानुवर्षांचं ऑइल, धूळ आणि कुठल्याशा किड्यांची घरं, सगळं मिळून डिंकासारखं घट्ट झालेलं. त्याच्यावर मी आधी तांदळाचा कोंडा टाकला. कोंडा तेल पितो. चोळून चोळून काळा झालेला कोंडा झटकायचा, पुन्हा नवीन टाकायचा. जिथे अगदीच सुटेना तिथे थोडं खोबरेल लावून ठेवायचं, तेलाने तेल सुटतं. मग रिठ्याचं गरम पाणी. रात्री रिठे भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे. वास जवळजवळ नाही, आणि फेस एवढा की गॅलरीत लहान मूल अंघोळ करतंय असं वाटावं.

सिलेंडर बिडाचा, त्याच्यावर गंज. त्याला मी चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेंडीने घासलं तसा लालसर चिखल निघाला आणि खालून राखाडी लोखंड दिसायला लागलं. सवयीने मी मिठाची मूठ घेतली. मिठागरात वाढलेली मी, चिंचेबरोबर मीठ हात आपोआप उचलतो.

पलंगावरून हे ओरडले, जेवढं ओरडता येत होतं तेवढं, 'मीठ नाय! लोखंडाला मीठ नाय!'

'पितळेला लावतो आमी.'

'तुज्या बापाचा पंप कसा गेला मिठागरावरचा? इसरलीस?'

खरंच विसरले होते. बाबांचा पाण्याचा पंप दरवर्षी गंजायचा आणि दरवर्षी बाबा नशिबाला बोल लावायचे. मी मूठ परत बरणीत टाकली.

कार्बोरेटर लिंबाच्या पाण्यात उकळला. त्याच्यात बारीक भोकं असतात. त्यांना तार घालायची नाही, भोक मोठं होतं, असं हे म्हणाले. म्हणून खराट्याची एक हीर घेऊन, टोक दाताने चावून बारीक करून, मी ती भोकं मोकळी केली. पिस्टनच्या डोक्यावर जळकी खपली होती. तिथे लोखंड घासायचं नाही, चरा पडतो. म्हणून करवंटीचा तुकडा घेतला आणि दुपारच्या दुपार खरवडत बसले. धुतलेला प्रत्येक भाग उन्हात वाळवायचा आणि लगेच खोबरेलाचा हात फिरवायचा, नाहीतर खाडीची हवा तासाभरात गंज चढवते. सगळा खर्च म्हणजे चिंच, रिठे, लिंबं आणि तेलाची बाटली.

वाळलेला भाग मी ह्यांच्या मांडीवर जुन्या टॉवेलवर ठेवायची. चष्मा चढवून, अंगठा फिरवून हे तपासायचे. अंगठ्याची कातडी इतकी जाड, तरी तिला सगळं कळायचं. 'अजून हाय,' म्हणून परत द्यायचे. मी आदळआपट करत पुन्हा घासायला बसायची. दुसऱ्यांदा, 'अजून हाय.' तिसऱ्यांदा नुसतं बाजूला ठेवायचे, म्हणजे पास. आयुष्यात त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, तिथे इंजिन धुतल्याची काय देणार. पण ते दिवस बरे गेले. आमच्याकडे भांडायला विषय होता.

बरे गेले म्हणते खरी, पण तेवढंच खरं नाही. घमेल्यातला एक एक भाग उजळत होता आणि त्याच खोलीत हे माणूस उतरत चाललं होतं. मशीनचा काटा मी दर काही आठवड्यांनी थोडा वर सरकवत होते. आधी हे संडासला स्वतः जायचे, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून जायला लागले, मग वाटेत खुर्ची लागली. आधी पूर्ण वाक्य बोलायचे, मग वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घ्यायला लागले. एकदा मी सिलेंडर उन्हाकडे धरून आत बघितलं. आरशासारखं चकचकीत झालं होतं. ज्या वस्तूला वीस वर्षं कोणी हात लावला नाही, ती चिंचेने आणि शेंडीने नवी होते, आणि ज्या माणसाला मी दिवसरात्र जपते त्याच्या छातीत काहीच घालता येत नाही. मला त्या लोखंडाचा राग आला. उचलून गॅलरीतून खाली फेकावं असं वाटलं. फेकलं नाही, तेलाचा हात फिरवून ठेवून दिलं.

मग मी घोळ केला. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, ज्याला हे हेड म्हणायचे, त्याच्या आतली काजळी काही केल्या हलेना. रिठा झाला, चिंच झाली, करवंटी झाली. तेव्हा मी गव्हाणला भावाकडे गेले. तिथे वहिनी अजून अंघोळीचं पाणी चुलीवर तापवते. तिच्याकडून पिशवीभर राख आणली, कडकडीत पाण्यात कालवली, वरची निवळ घेतली आणि त्यात हेड बुडवून झाकून ठेवलं. हळदीच्या टोपांना आमची आई हेच करायची. सकाळी काजळी आपोआप सुटायची. टोप पितळेचे असायचे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी झाकण काढलं तर पाणी अजून बारीक बारीक बुडबुडत होतं. काजळी गेली होती, पण हेडही काळंठिक्कर पडलं होतं, आणि हात फिरवला तर देवीचे व्रण असावेत तसं खडबडीत. ॲल्युमिनियम होतं ते. राखेच्या पाण्याने खाल्लं होतं.

मी ते ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि रडायलाच लागले. त्यांनी अंगठा फिरवला. जिथे हेड सिलेंडरवर बसतं त्या कडेवरून पुन्हा फिरवला. मला वाटलं आता शिव्या देतील.

'काच आन,' म्हणाले.

'कसली काच?'

'फोटोची. मोठ्या फोटोची. आन वीट हाय का? कुटून बारीक कर. खाली कर, हितं नको. तेलात भिजवूनच वर आन, धूळ उडता कामा नाय.'

आमच्या लग्नाच्या फोटोची काच मी काढली. पार्किंगमध्ये तोंडाला पदर बांधून विटेचा तुकडा कुटला, साडीच्या तुकड्यातून गाळला, तेलात कालवून वर नेला. ह्यांनी काच मांडीवर घेतली, तिच्यावर तो लाल लगदा पसरला, हेड पालथं ठेवलं आणि गोल गोल फिरवायला लागले. थोडं फिरवायचं, थांबून श्वास घ्यायचा, पुन्हा थोडं. मी म्हटलं, द्या मी करते. 'नाय,' म्हणाले, 'सगल्या बाजूनं सारका दाब लागतो.' मला जमलं असतं. पण मी फक्त काच धरून बसले.

ते काम ह्यांनी बरेच दिवस पुरवलं. सकाळचा चहा झाला की काच मागायचे. मधून मधून हेड उचलून पुसायचे, डोळ्यासमोर आडवं धरून बघायचे, पुन्हा ठेवायचे. त्या सगळ्या आजारपणात ह्यांना काहीतरी स्वतःच्या हाताने करताना मी बघितलं ते तेवढंच. शेवटी एकदा त्यांनी हेड माझ्याकडे दिलं. कड अशी सपाट आणि गुळगुळीत झाली होती की तिच्यावर माझं बोट घसरलं. 'आता बसंल,' म्हणाले, आणि दुपारभर झोपले.

भाईंनी दुकानातून नव्या रिंगा आणि गॅस्केट आणली. जोडताना प्रत्येक भागाला त्यांनी ऑइल लावलं, आणि मी तर आधीच सगळीकडे खोबरेल चोपडून ठेवलं होतं, अगदी सायलेन्सरच्या आतसुद्धा, गंजू नये म्हणून. भाई हसले, 'भाबी, इंजिनाला केस येतील.' हे वरून हसले ते खालपर्यंत ऐकू आलं नाही, पण खिडकीत दिसले.

रविवारची सकाळ ठरली. पार्किंग रिकामं असतं म्हणून. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. मी तो त्यांच्या अंगात घातला, नळी कॉलरच्या आतून घेतली, खुर्ची खिडकीशी लावली. खिडकी बंद होती, ती हे उघडायला लागले. मी म्हटलं, धूळ येईल. म्हणाले, 'काचेतून ऐकायचं का मी?' उघडली.

मी खाली गेले. भाईंनी स्कूटर पार्किंगच्या तोंडाशी, आमच्या खिडकीतून दिसेल अशी आणून ठेवली होती. किक मीच मारायची असं ठरलं होतं. साडी खोचून मी किकवर पाय ठेवला. वरून हे बोटांनी खुणा करत होते, चोक ओढ, आता सोड, आता पुन्हा. किती किका मारल्या ते मोजलं नाही. पोटऱ्या भरून आल्या. भाई म्हणाले, मी मारू का? मी म्हटलं, नाय. आणि पुढच्याच किकेला ती आतून एकदा खोकल्यासारखी झाली, बंद पडली, मग पुन्हा, आणि मग लागली.

लागली! अख्ख्या पार्किंगमध्ये तो आवाज घुमला. मी वर बघितलं. हे खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले होते. उभे! कितीतरी आठवड्यांनी कोणाच्या आधाराशिवाय. तोंड उघडं होतं, डोळे मिटले होते. लग्नातल्या फोटोत असतो तसा चेहरा. मी त्या क्षणी सुखी होते हे मला स्पष्ट आठवतं.

मग मला वास आला. खोबरेल तेलाचा जळका वास, कढई फार तापली की येतो तसा. मी मागे वळले. सायलेन्सरमधून धूर येत होता. थोडाथोडका नव्हे, पांढरा-निळा, जाड, कापसाच्या गादीसारखा धूर, पार्किंगमधून बाहेर पडून भिंतीला चिकटून वर चढत होता. रिठ्याने धुतलेलं, चिंचेने उजळलेलं, वीस दुपारी करवंटीने खरवडलेलं ते इंजिन शेवटी इंजिनच होतं. ही जुनी स्कूटर पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जाळतच चालते. धूर टाकल्याशिवाय ती कधी चाललेलीच नाही. त्यात माझं खोबरेल. इतके महिने तीन माणसं त्या कामात होती. एक जन्मभर मेकॅनिक, एक जन्मभर स्पेअर पार्टवाला, आणि एक मी, जिला धुराचे सगळे प्रकार पाठ. पार्ट धुताना वास होऊ नये म्हणून आम्ही किती काळजी घेतली. ती चालू झाल्यावर काय होईल, हे तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

'खिडकी लावा!' मी ओरडले. आवाजात ऐकू गेलं नसावं. धूर आमच्या दुसऱ्या मजल्याला पोचला. ह्यांचे खांदे हलायला लागले. पण त्यांनी गज सोडला नाही. एक हात वर केला आणि तळवा खाली-वर हलवला. ती खूण मला चांगली माहीत होती. गॅरेजमध्ये कोणी गाडी बंद करायला गेलं की हे अशीच खूण करायचे. चालू ठेव. चालू राहू दे.

मी बंद केली.

एकदम शांत झालं. वरून फक्त खोकला ऐकू येत होता. भाई हळूच म्हणाले, 'दोन मिनिटं चालली असती तर तेल जळून धूर कमी झाला असता.' मी जिन्याकडे धावले.

तो खोकला दुपारपर्यंत चालला. मशीनचा काटा शेवटपर्यंत वर केला, पाठ चोळली, कोमट पाणी दिलं. सगळं निवल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले. मी शर्ट काढायला गेले तर हात बाजूला केला. संध्याकाळी म्हणाले, 'बंद का केलीस?'

'तुमाला खोकला आला.'

त्यांनी चादर छातीवर ओढून घेतली. मग म्हणाले, 'खोकला रोजच येतो.'

भाई दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन दूर मोकळ्या रस्त्यावर गेले, तासभर पळवून आणली, आणि सांगायला वर आले की धूर आता खूप कमी आहे, दोन दिवसांनी पुन्हा ऐकवू. दोन दिवसांनी ह्यांना ताप होता. भाईंनी मोबाईलवर आवाज भरून आणला होता, तो कानाशी धरला. ह्यांनी हातानेच नको म्हटलं. नंतर हॉस्पिटल, नंतर घर, पुन्हा हॉस्पिटल. पावसाळ्याआधी गेले.

लोक म्हणाले, किती केलंस गं त्यांच्यासाठी. केलं. स्कूटर बंद करून मी त्यांचे थोडे श्वास वाचवले. ते श्वास ह्यांनी पंख्याकडे बघत घेतले. आणि खरं सांगते, आज पुन्हा तीच वेळ आली, तसाच धूर वर चढताना दिसला, तर मी पुन्हा बंदच करीन. माझा हात दुसरं काही करणारच नाही. म्हणूनच तर सुटका नाही. चूक केली असती तर पश्चात्ताप करून मोकळी झाले असते.

उत्तरकार्य झाल्यावर सगळे गेले, गव्हाणची वहिनी तेवढी राहिली. स्कूटर खाली कव्हर घालून उभी होती. भाई निरोप घेताना म्हणाले, 'भाबी, आठवड्यातनं एकदा चालू करत जा, नायतर पुन्हा जाम होईल.' मी हो म्हटलं. अजून केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसले होते. मशीन भाड्याचं होतं, ते आदल्या दिवशी घेऊन गेले होते, त्यामुळे घरात कसलाच आवाज नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात डाळ करत होती. तिला आमच्या घरातलं काय माहीत. तिने तेल तापवलं आणि मोहरी टाकली, मिरची टाकली. मोहरी तडतडली, आणि मिरचीचा खाट सगळ्या घरात भरला. मी ताडकन उठले, खिडकी उघडायला धावले, ओरडायला तोंड उघडलं, आणि पलंगाकडे बघितलं.

कोणीच खोकलं नाही.